बॅटरीवाले गरम मोजे : कुठले घ्यावेत, कसे टिकवावेत? (गुलमर्ग, जानेवारी)

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स करायचं ठरलंय. जॅकेट, हातमोजे, गॉगल यांची सोय झाली आहे. माझी अडचण पायांची. ऑफिसच्या एसीतसुद्धा माझी पायाची बोटं पांढरीफटक पडतात, मग जांभळी होतात आणि पुन्हा ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. इथे मुंबईत ही तऱ्हा, तर चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडाक्याच्या चाळीस दिवसांत, काय होईल?

नेटवर बॅटरीवर चालणारे गरम मोजे दिसतात. अडीच-तीन हजारांपासून सुरू होतात आणि युरोपातल्या जोड्या अडीचशे-तीनशे युरोच्या घरात जातात. जाहिराती सगळ्यांच्या सारख्याच : "८ तास ऊब", "८००० एमएएच" (बॅटरीची क्षमता), "मशीनमध्ये धुता येतात". यातलं खरं किती? कोणी वापरलेत का? आणि वर्षातून एकदा वापरायची वस्तू बाकीचे महिने मुंबईत सांभाळायची कशी?

आई पण येते आहे. ती स्की करणार नाही, गोंडोलात (तिथल्या रोपवेत) बसून बर्फ बघणार. तिला मधुमेह आहे. तिच्यासाठीही एक जोडी घ्यावी असं डोक्यात आहे.

---

टवाळ_टिटवी

गुलमर्गला जाईपर्यंत चर्चगेटच्या एसी लोकलमध्ये घालून सराव करा. सकाळी सव्वाआठनंतर मात्र बोटं गोठायचा प्रश्न येत नाही, ती कोणीतरी तुडवत असतं.

---

ठाणे_स्लो

मला हे मोजे म्हणजे पैसे उडवायचा नवा प्रकार वाटतो. काश्मीरची माणसं काय बॅटरी लावून फिरतात? चांगले लोकरीचे मोजे घ्या, दोन जोड घाला एकावर एक, विषय संपला.

---

घाटवाट

@ठाणे_स्लो, ट्रेकच्या बुटात दोन जोड एक वेळ चालतील, स्कीच्या बुटात तोच सल्ला घात करेल. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच, आत लायनर (काढता येणारं मऊ अस्तर), बाहेर चार बकलं. त्यात पाय घट्टच बसावा लागतो, नाहीतर स्की वळत नाही. दोन जाड मोजे कोंबले की पायाच्या वरची रक्तवाहिनी दाबली जाते, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. नवशिक्यांचे पाय थंडीने कमी आणि करकचून आवळलेल्या बकलांनी जास्त गारठतात.

@गिरगावकरीण, मोज्यांच्या आधी या गोष्टी बघा. भाड्याचा बूट घेताना माप सेंटिमीटरमध्ये सांगा. उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकला पाहिजे. चवड्यावरची बकलं सैल, घोट्यावरचं घट्ट. गोंडोलात किंवा लिफ्टमध्ये बसलात की सगळी सैल सोडा, वर पोचल्यावर पुन्हा लावा. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

आणि रात्री लायनर! दिवसभराच्या घामाने आणि बर्फाने तो ओला झालेला असतो. तसाच सकाळी घातला तर अकराशे रुपयांचा मोजा काय आणि तीस हजारांचा काय, पाय गारच. हॉटेलवाल्याला सांगून लायनर बाहेर काढून बुखारीच्या (काश्मिरी शेगडीच्या) खोलीत ठेवायचे. बुखारीपासून हातभर लांब. बुखारीला टेकवून नव्हे, फोम वितळतो.

एवढं सगळं करूनही ज्यांची बोटं गारठतात त्यांच्यासाठी गरम मोजे खरंच उपयोगी आहेत. तुमचं वर्णन वाचून तुम्ही त्यातल्या वाटता. पण त्याबद्दल इथे एक डॉक्टर आहेत, त्यांनी बोलावं.

---

दवाखाना_बंद

हाक ऐकली. पांढरी, मग निळी-जांभळी, मग लाल हा क्रम रेनॉड्स प्रकारात दिसतो. थंडीत बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात. तरुण बायकांमध्ये बऱ्याचदा तो नुसताच असतो, त्यामागे दुसरा आजार नसतो. पण काही वेळा सांध्यांचे किंवा त्वचेचे आजार मागे दडलेले असतात, म्हणून जाण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवाच. इथे वाचून निदान करू नका, माझंही नको. घरात तंबाखू-सिगरेट असेल तर ती या त्रासात तेल ओतते.

अशा माणसाने फक्त पाय गरम करून भागत नाही. पोट-छाती आणि डोकं गरम असेल तर शरीर हातापायांना रक्त सोडतं. धड गारठलं की ते पहिल्यांदा हातापायांचा पुरवठा कापतं. त्यामुळे मोज्यांवर खर्च करून वरती सुती बनियन घालणार असाल तर उपयोग शून्य.

आता आईंबद्दल. त्यांच्यासाठी गरम मोजे घेऊ नका. मधुमेह जुना असेल तर पायांच्या नसांची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि ती कमी झाल्याचं त्या माणसाला कळतही नाही. मोजा जास्त गरम झाला तर तुम्ही "आई गं" करून बटण बंद कराल, त्यांना चटका बसतोय हेच समजणार नाही. भाजायला उकळतं पाणी लागत नाही. ४४ अंश सेल्सिअसची वस्तू कातडीला साधारण ६ तास सतत टेकून राहिली तरी भाजतं, आणि तापमान एकेका अंशाने वाढलं की हा वेळ झपाट्याने कमी होतो. मधुमेहात पायाची जखम म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्यांना जाड लोकरीचे मोजे, एक माप मोठा बर्फाचा बूट, आणि बसल्या जागी दर थोड्या वेळाने पाय हलवणं. रोज रात्री पाय उजेडात नीट बघायचे, तळवेसुद्धा.

काश्मीरच्या लोकांचा विषय वर निघालाच आहे म्हणून सांगतो. बॅटरी नसली तरी त्यांच्या फेरनाखाली (पायघोळ झग्याखाली) कांगडी असतेच, निखाऱ्यांची छोटी शेगडी. वर्षानुवर्षं कांगडी कातडीजवळ धरल्याने पोटावर-मांड्यांवर जाळीदार काळे डाग पडतात आणि काहींना त्या जागी त्वचेचा कर्करोग होतो. वैद्यकीय पुस्तकांत तो कांगडी कॅन्सर याच नावाने आहे. आठवडाभर मोजे वापरून असं काही होणार नाही, घाबरू नका. पण मंद ऊब म्हणजे निरुपद्रवी ऊब हे डोक्यातून काढून टाका. हे मोजे घालून झोपायचं नाही, हाही त्यातलाच भाग.

---

गिरगावकरीण

डॉक्टर, आभार. आईचा बेत रद्द. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मी आधीच सांगत होते, मला तुमचे वायरीचे मोजे नकोत." माझ्यासाठी अपॉइंटमेंट घेतली आहे.

@घाटवाट, मग माझ्यासाठी घेताना काय बघू? बोटांखाली तार असलेले की वर?

---

घाटवाट

बोटांना टोपीसारखं वरून-खालून वेढणारी जाळी असेल ते सगळ्यात चांगले. नुसती चवड्याखाली पट्टी असलेले स्वस्त मिळतात, त्यात तळवा गरम होतो आणि बोटांची टोकं तशीच राहतात. तुमची तक्रार टोकांची आहे.

दुसरं, तार पायावरून वर कुठून जाते ते बघा. नडगीच्या हाडावरून जात असेल तर नको. स्कीच्या बुटाची जीभ नेमकी तिथे दाबते, तासाभरात वळ उठतो. तार बाजूने किंवा पोटरीवरून गेलेली हवी.

तिसरं, लांबी. मोजा गुडघ्याच्या खालपर्यंत हवा आणि बॅटरीचा खिसा बुटाच्या काठाच्या वर यायला हवा. नेटवरचे बरेचसे स्वस्त मोजे शिकारी किंवा मोटरसायकलवाल्यांसाठी केलेले असतात, पोटरीच्या मध्यावर संपतात. त्यांची बॅटरी बुटाच्या काठाखाली अडकते आणि पोटरीत रुतते. उंची कमी असलेल्या बायकांना हा त्रास जास्त, कारण बुटाचा काठ त्यांच्या पोटरीच्या जाड भागावरच येतो. स्नोबोर्डचे बूट मऊ आणि बुटके असतात, त्यांना एवढं बघावं लागत नाही.

जाडी : टाचेला आणि पावलाला पातळ. टॉवेलसारखा जाड गरम मोजा स्कीच्या बुटाला बाद. कापडात मेरिनो लोकर असेल तर उत्तम, निम्मं नायलॉन असलं तरी चालेल, सुती अजिबात नको. कापूस घाम धरून ठेवतो. आणि आत दुसरा मोजा घालायचा नाही.

ऑस्ट्रियाची लेन्झ, फ्रान्सची थर्म-इक या कंपन्या स्कीसाठीच हे बनवतात, बॅटरी वेगळी विकत मिळते. पण पहिल्याच कोर्सला एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. स्की आवडलं, दर वर्षी जायचं ठरलं, तर मग बघा.

---

वायरमन_लोहारचाळ

बॅटरीवर मी बोलतो, कारण जाहिरातीतली सगळी फसवाफसवी तिथेच आहे.

"८००० एमएएच" लिहिलेलं असतं ते दोन्ही पायांचं मिळून. म्हणजे एका पायाला ४०००. त्यात काही मोजे ३.७ व्होल्टवर चालतात, काही ७.४ वर, त्यामुळे एमएएचची तुलना करून काही कळत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा, वॅट-अवर येतील, आणि तोच खरा आकडा. ३.७ व्होल्ट ४००० एमएएच म्हणजे १४.८ वॅट-अवर. ७.४ व्होल्ट २२०० एमएएच म्हणजे १६.३. कागदावर जवळजवळ निम्मी दिसणारी बॅटरी प्रत्यक्षात मोठी निघाली!

आता तास. मोजा मधल्या बटणावर समजा ३ वॅट घेतो. १४.८ भागिले ३, जवळपास ५ तास. हे झालं कागदावर. थंडीत लिथियम बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, शिवाय सेल जुना झाला की आणखी घट. साडेतीन-चार तास धरून चाला. "८ तास" हा आकडा सगळ्यात मंद बटणाचा असतो. लाल दिव्यावर, म्हणजे पूर्ण आचेवर, दोन-अडीच तासांत खेळ खलास.

घेताना बॅटरीवर वॅट-अवर छापलेत का बघा. भारतात लिथियम सेलना आयएस १६०४६ प्रमाणे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, पॅकवर तो शिक्का आणि आर ने सुरू होणारा क्रमांक असतो. काहीच छापलेलं नसेल, नुसतं गुळगुळीत काळं प्लास्टिक असेल, तर ती वस्तू मी पोटरीला बांधणार नाही.

---

ठाणे_स्लो

वायरमन, पटलं. पण मग ते हलवून गरम होणारे पाऊच का नको? पन्नास-साठ रुपयांत काम, चार्जिंगची कटकट नाही.

---

वायरमन_लोहारचाळ

त्यात लोखंडाची पूड असते. हवेतल्या ऑक्सिजनने ती गंजते आणि गंजताना उष्णता बाहेर पडते. खिशात, हातमोज्यात झकास. स्कीच्या बंद बुटात हवाच नसते, म्हणून ते कोमट होऊन बसतात. ट्रेकच्या बुटात जरा बरे चालतात. शिवाय बोटांखाली गोटा आल्यासारखं होतं. आणि वापरून झालेले पाऊच लोक तिथेच बर्फात टाकून येतात, तो वेगळा राग.

---

मुलुंड_चेकनाका

विमानाचं कोणी लिहिलं नाही अजून. मोज्यांच्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेत. मोजे जाऊ देत खाली, बॅटऱ्या काढून वर. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे, वायरमननी काढलेला १५-१६ चा आकडा त्याच्या आसपासही नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. मात्र वॅट-अवर छापलेले असले की तपासणीवाल्याशी वाद होत नाही. प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, टोकांवर चिकटपट्टी. चिल्लर आणि किल्ल्यांच्या कप्प्यात नको.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. विमान भरलं असेल तर दारात तुमची हातातली बॅग घेऊन खाली टाकतात. तेव्हा बॅटऱ्या काढून खिशात घ्या. त्यामुळे त्या बॅगेत सगळ्यात वर ठेवा, गोधडीखाली नको.

श्रीनगरहून परतताना वेळ हाताशी ठेवा. टर्मिनलच्या बऱ्याच आधी, बाहेरच्या गेटवरच सगळं सामान गाडीतून उतरवून एक्स-रे होतो, मग आत पुन्हा. तारा शिवलेले मोजे बघून कोणी विचारलं तर शांतपणे काढून दाखवायचे.

---

टवाळ_टिटवी

"मॅडम, ये क्या है?"
"मोजे."
"इसमें वायर क्यों है?"
"थंडी लगती है."
"चार्जर कहाँ है?"
गुलमर्गपेक्षा हा प्रवेश जास्त रंगेल.

---

घाटवाट

वापरायचं कसं तेही लिहितो, कारण निम्मे लोक चुकीच्या वेळी बटण दाबतात.

बोटं बधिर झाल्यावर पूर्ण आचेवर लावणं हा सगळ्यात वाईट मार्ग. बॅटरी संपते आणि पाय तापेपर्यंत दुपार होते. बूट घालतानाच, हॉटेलच्या उबेत, मंद आचेवर सुरू करा. चढणीवर, चालताना, स्की खांद्यावर घेऊन जाताना बंद, कारण तेव्हा घाम येतो, आणि घाम आलेला पाय दहा मिनिटं थांबलात की बर्फ होतो. लिफ्टच्या रांगेत, गोंडोलात, प्रशिक्षक बोलत असताना पुन्हा मंद. पूर्ण आच फक्त वाऱ्यात अडकलात तर. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराजवळ ३९०० मीटरच्या वर नेतो, वारा असेल तर तिथला गारठा खालच्या मैदानाच्या गारठ्याशी तुलना करण्यासारखा नसतो. बेसिक कोर्सला तुम्ही बहुतेक वेळ खालीच, २६५० मीटरच्या उतारांवर असाल.

काही मोज्यांना फोनवरून आच बदलता येते. हातमोजे काढून फोन काढून ॲप उघडण्यात हात गारठतात, त्यापेक्षा बॅटरीवरचं बटण पॅन्टवरून चाचपून दाबता आलं पाहिजे. घरी डोळे मिटून करून बघा.

---

दवाखाना_बंद

घाटवाट यांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून : बोटं पूर्ण बधिर, पांढरी आणि कडक लागत असतील तर तो मोज्यांचा विषय राहिलेला नाही, हिमदंशाची शंका घ्यायची. गरम मोजा सुरू करायचा नाही, बधिर कातडी भाजते. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. आत जायचं, बूट काढायचा, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय, आणि लगेच डॉक्टर. पाणी दुसऱ्याने हात घालून तपासायचं, त्याच पायाने नाही. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर अर्धवट वितळवायचं नाही, एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाचं नुकसान जास्त होतं.

---

पावसाळी_पाखरू

इतके प्रतिसाद झाले आणि मूळ प्रश्नातला शेवटचा भाग सगळे विसरले. मुंबईत सांभाळायचे कसे?

हे मोजे गुलमर्गला मरत नाहीत, जून ते सप्टेंबर मुंबईतल्या कपाटात मरतात. लोकर, लवचीक धागा, धातूची टिचबटणं आणि लिथियमची बॅटरी, चौघांनाही आपली हवा मानवत नाही. गिरगावात तर खारा वारा. टिचबटणांवर हिरवट बुरा चढतो, पुढच्या हिवाळ्यात बॅटरी लावली की दिवा लागतो पण मोजा गरम होत नाही, आणि माणूस म्हणतो बॅटरी गेली.

परत आल्यावर न धुता ठेवायचे नाहीत. घामाचं मीठ पाणी ओढून घेतं. बॅटऱ्या काढा, टिचबटणाला झाकण असेल तर लावा. थंड पाण्यात लोकरीच्या कपड्यांचा द्रवसाबण घालून हाताने दाबून धुवा. पिळायचे नाहीत, पिळल्याने आतली तार तुटते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा. लेबलवर मशीन चालेल असं लिहिलं असेल तर उलटे करून जाळीच्या पिशवीत, ३० अंश, सर्वात सौम्य फेरी, आणि सुकवायचा ड्रायर नाहीच. कम्फर्ट-बिम्फर्ट घालू नका, ब्लीच नको, इस्त्री नको. सावलीत आडवे पसरून पंख्याखाली. उन्हात दांडीवर चिमट्याने लटकवले तर ओल्या मोज्याच्या वजनाने तार ताणली जाते. हात लावून कोरडे वाटले तरी अजून एक दिवस. टिचबटणं कोरड्या फडक्याने पुसा, त्यानंतरच बॅटरी लावून एकदा चालवून बघा.

मग घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, मोजे सैल गुंडाळलेले. घडी घालून दाबू नका, घडीवर तार मोडते. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत. डांबरगोळ्या नकोत : वास जात नाही, शिवाय प्लास्टिकला त्या चिकट करतात.

---

वायरमन_लोहारचाळ

पाखराला अनुमोदन, बॅटरीपुरती भर.

बॅटरी मोज्याला लावून ठेवायची नाही. पूर्ण भरून ठेवायची नाही आणि पूर्ण रिकामीही नाही. निम्म्याच्या आसपास. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उन्हाळ्याच्या गरमीत ठेवली की लवकर म्हातारी होते. रिकामी ठेवली तर हळूहळू इतकी उतरते की आतलं संरक्षण सर्किट तिला पुन्हा चार्जच होऊ देत नाही. माळ्यावर मुळीच नको, मे महिन्यात माळा भट्टी असतो. बेडरूमच्या कपाटात खालच्या कप्प्यात, कपड्यांपासून वेगळ्या डब्यात. काही जण फ्रिजमध्ये ठेवा सांगतात. मुंबईत फ्रिजमधून काढलेल्या वस्तूला घाम फुटतो, ते पाणी आत जातं. नको.

आठवणीसाठी सोपं : अक्षय्य तृतीया, गणपती, दिवाळी. तिन्ही वेळा काढून बघायची, उतरली असेल तर निम्म्यापर्यंत भरायची, आणि फुगली आहे का बघायचं. टेबलावर ठेवून डुगडुगली म्हणजे फुगली. फुगलेली चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या-आणणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून आधी विक्रेत्याला विचारा. नाहीतर ई-कचरा घेणारं अधिकृत केंद्र.

गुलमर्गला चार्जिंग : शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, आतून कायमची बिघडते. म्हणजे गारठलेल्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर नाही. बाहेरून आणलेली बॅटरी पिशवीतच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. पांघरुणाखाली चार्ज करू नका. हिवाळ्यात काश्मीरमध्ये वीज जाते-येते, त्यामुळे झोपताना लावू असं न म्हणता संध्याकाळी वीज दिसली की लगेच लावा.

---

मुलुंड_चेकनाका

आणि एकाच वेळी फोन, कॅमेरा, दोन बॅटऱ्या असं सगळं लावायला मुंबईतून एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड न्या. हॉटेलात भिंतीला एकच पिन असते आणि तीही कपाटामागे.

---

गिरगावकरीण

अपडेट. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताच्या एक-दोन तपासण्या सांगितल्या आहेत, पण जायला हरकत नाही म्हणाले. मोजे मागवले : गुडघ्याखालपर्यंतचे, बोटांना टोपीसारखी जाळी, ७.४ व्होल्ट, बॅटरीवर १६.२८ वॅट-अवर छापलेलं. साडेपाच हजारांच्या आत बसले. पहिल्यांदा एका विक्रेत्याला विचारलं होतं की प्रत्येक बॅटरीचे वॅट-अवर किती, तर उत्तर आलं "मॅडम, फुल गरम होतं". तिथून नाही घेतले.

आता मुंबईत तपासून कसं बघू? २९ अंशांत घातले तर नुसता घाम.

---

वायरमन_लोहारचाळ

परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा. बॅटऱ्या पूर्ण चार्ज, एसी १८ वर, मोजे घाला आणि बसा. मधल्या आचेवर दहा मिनिटांत दोन्ही पाय सारखेच गरम वाटायला हवेत. एक कमी, एक जास्त असेल तर लगेच परत. बोटांनी चाचपून बघा, एखादा ठिपकाच जास्त तापतोय का. तसा ठिपका म्हणजे तार तिथे दुमडली आहे, परत. मग मधल्या आचेवर सोडून द्या आणि घड्याळ लावा : दोन्ही बॅटऱ्या साधारण बरोबरच संपायला हव्यात. अर्ध्या तासाचा फरक असेल तर एक सेल कमजोर आहे.

घरात मल्टिमीटर असेल तर बॅटरी काढून टिचबटणांवर ओहम मोजा. दोन्ही मोज्यांचा आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. तो मोज्याच्या लेबलवर बॉलपेनने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी वाढलेला दिसला तर बटण गंजलंय किंवा तार झिजतेय, काहीच आकडा आला नाही तर तार तुटली.

---

गिरगावकरीण

केलं. दोन्ही सारखे गरम, मधल्या आचेवर पावणेपाच तास, दोन्ही बॅटऱ्यांत काही मिनिटांचाच फरक. मल्टिमीटर शेजारच्या काकांकडून आणला, आकडे जुळले. काका आता विचारतायत की त्यांच्या गुडघ्यासाठी असलं काही मिळतं का.

@घाटवाट, बुटात बॅटरीचा खिसा वर येतो की नाही हे इथे कसं कळणार? स्कीचे बूट तर तिथेच मिळणार.

---

घाटवाट

बूट भाड्याने घ्यायला जाताना मोजे घालूनच जा, बॅटरी लावून. दुकानात बूट चढवा, बकलं लावा, गुडघे पुढे वाकवून पाच मिनिटं तसेच उभे राहा. बॅटरी काठाला घासत असेल तर खिसा थोडा बाहेरच्या बाजूला फिरवा, म्हणजे मोजाच किंचित फिरवून घाला. तरीही रुतत असेल तर बुटक्या काठाचा दुसरा बूट मागा, नवशिक्यांसाठी मऊ बूट असतात. पहिल्या दिवशी दुकानात घाई करू नका, गाईड कितीही "चलो चलो" म्हणाला तरी. आणि एक जोड साधे पातळ मेरिनो मोजे बरोबर असू द्या. एक दिवस गरम मोजे ओले झाले तर ते वाळेपर्यंत घालायला.

---

ठाणे_स्लो

एक शंका. भाऊ मार्चमध्ये हिमाचलात नारकंड्याला चाललाय, त्यालाही हा धागा पाठवला. त्याच्याकडे कोणाची तरी जुनी जोडी आहे, बॅटऱ्या फुगलेल्या. दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या लावल्या तर चालतील का? टिचबटण तर सारखंच दिसतंय.

---

वायरमन_लोहारचाळ

बटण सारखं दिसतं म्हणून लावू नका. ३.७ व्होल्टच्या मोज्याला ७.४ ची बॅटरी लावली तर व्होल्टेज दुप्पट आणि उष्णता चौपट, थेट कातडीवर. उलटं केलं, ७.४ च्या मोज्याला ३.७ ची, तर पाव उष्णता, म्हणजे लावून न लावल्यासारखं. काही बॅटऱ्यांत आच कमी-जास्त करणारं सर्किट बॅटरीतच असतं, काहींत मोज्यात असतं, तेही जुळावं लागतं. मोज्याच्या लेबलवर व्होल्ट लिहिलेत का ते बघायला सांगा, आणि त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची बॅटरी मिळते का ते. मिळत नसेल तर त्या जोडीचा नाद सोडायचा. लेबलचा फोटो टाका इथे, बघून सांगतो.